चार झटके

माणगाव मागे पडलं तेव्हा अक्षदाचा फोन आला. नौदलाचा ट्रक खड्डे चुकवत महाडकडे चालला होता. मागे रबरी बोट, सिलिंडर, दोरांची वेटोळी आणि पाण्याखाली काम करणारी पाचसहा माणसं. त्यांतच अक्षदाचा नवरा हृतिक होता.

"कुठं आहात?" तिने विचारलं.

"महाडच्या वाटेवर. सावित्रीत गाडी वाहून गेलीय, त्यासाठी बोलावलंय आम्हाला."

ती म्हणाली, "ती आमच्या वाडीतल्या हैबतीदादाची पिकअप आहे. अश्विन होता तिच्यात."

अश्विन तिचा धाकटा भाऊ. महाडच्या एमआयडीसीत कामाला होता. गणपतीआधी घराच्या पडवीवर नवे पत्रे घालायचे म्हणून आदल्या दिवशी सुट्टी काढून, पत्रे घेऊन तो गावी निघाला होता. कॉजवेवर पाणी होतं, पण फार वाटलं नाही आणि हैबतीने गाडी घातली. मध्यावर चाकं सरकली. हैबती दारातून बाहेर फेकला गेला, काठच्या करंजाची फांदी हाताला लागली म्हणून वाचला. गाडी मात्र अश्विनला घेऊन खालच्या डोहात गेली. गावच्या पोरांनी, महाडच्या बचाव पथकाने अंधार पडेपर्यंत शोधलं. पाणी इतकं गढूळ आणि ओढीचं होतं की कुणाला खाली जाता आलं नाही. शेवटी तहसीलमधून नौदलाला निरोप गेला.

"आईबाबा कालपासनं नदीवरच आहेत," अक्षदा म्हणाली. "मी पनवेलवरनं एसटी धरतेय. तुम्ही पोचताय ना?"

"पोचतोय," हृतिक म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

समोर दीपक बसला होता. दीपक ओडिशातला, पारादीपजवळच्या कोळ्यांच्या गावातला. नौदलाच्या चिल्कातल्या प्रशिक्षणापासून दोघं बरोबर होते, कोचीच्या डायव्हिंग स्कूलमधून बरोबर बाहेर पडले होते. त्याने भुवया उंचावून विचारलं, काय झालं? हृतिकने मान हलवली. काही नाही.

हृतिक पोलादपूरजवळच्या उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. त्या मुलखात फौजेत जाणं नवं नाही. दर दोन घरांआड एखादा मिलिटरीवाला सापडतो. समुद्रावर जाणारा मात्र वाडीतला हा पहिलाच. त्यामुळे तो सुट्टीवर आला की लोक विचारायचे, बोट केवढी असते, तोफा असतात का, वादळात उलट्या होतात का. लग्नात त्याने पांढरा गणवेश घातला होता तेव्हा सासरच्या माणसांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायला रांग लावली होती. सासू रखमा येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, "आमचं जावई नेवीत हाय."

तो नेमकं काय करतो हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. गोदीत उभ्या जहाजांच्या पोटाखाली तो काम करायचा. तिथलं पाणी काळं, तेलकट. डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. पंख्यात अडकलेलं जाळं कापायचं, पाणी आत घेणाऱ्या तोंडांवरच्या जाळ्या साफ करायच्या, तळाच्या पत्र्याला कुठे भेग आहे का ते तळहाताने चाचपायचं. सगळं काम हातांनी आणि अंदाजाने. वरच्या जगाशी संबंध उरायचा तो कमरेच्या दोराएवढा. दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. त्याने एक झटका दिला की अर्थ, ठीक आहेस ना? खालून एक आला की, ठीक आहे. लहान लहान सलग झटके म्हणजे, हवं ते सापडलं. आणि वरून चार आले की हातातलं काम असेल तिथे टाकून वर यायचं. का, ते विचारायचं नाही. खालच्याला जे दिसत नाही ते वरच्याला दिसत असतं, एवढ्या एका विश्वासावर ते सगळं चालायचं. हृतिक खाली असला की दोर बहुतेक दीपकच्या हातात असायचा आणि दीपक खाली असला की हृतिकच्या. हृतिक किती वेळाने श्वास घेतो हे त्याच्या बायकोपेक्षा दीपकला जास्त ठाऊक होतं.

कधी कधी माणसं शोधायलाही जावं लागे. बुडालेली होडी, बंदरात पडलेला कामगार. तेही हातांनीच.

ट्रक महाडात शिरला. चवदार तळ्याकडचा रस्ता सोडून गाडी पोलादपूरच्या बाजूला वळली, तेव्हाही हृतिक गप्प होता. त्याला नियम माहीत होता. पाण्यातला माणूस जवळचा असेल तर पाणबुड्याने खाली जायचं नाही. अशा वेळी माणूस वेळ विसरतो, हवा विसरतो, दोर विसरतो. पण त्याने सांगितलं असतं तर त्याला उतरू दिलं नसतं आणि अश्विनला बाहेर काढायचं तर आपणच, असं त्याने माणगावलाच ठरवून टाकलं होतं.

ते फार टिकलं नाही. ट्रकमधून तो खाली उतरला आणि गर्दीतून रखमा धावत आली. कालपासूनचं लुगडं अंगावरच वाळलेलं होतं. तिने त्याचे दोन्ही दंड धरले.

"आलात! देवासारखं आलात. जावयबापू, तो बगा, तिथं हाय तो. तिथं गाडी गेली. आता तुमी काडा त्याला. हे बाकीचं नुसतं काठावर फिरतायत."

मागे सासरा रावजी उभा होता.

पथकाचे प्रमुख लेफ्टनंट साहेब जवळच नदीचा अंदाज घेत होते. केरळातले, वयाने हृतिकपेक्षा थोडेच मोठे. ते वळले. त्यांनी हिंदीत विचारलं, "कोण लागतात तुझे?"

"सासूबाई, सर."

"आणि पाण्यात आहे तो?"

हृतिकने नदीकडे पाहिलं. "मेव्हणा, सर. बायकोचा धाकटा भाऊ."

"तुला कधी कळलं?"

"माणगावला."

लेफ्टनंट रागावले नाहीत. त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली, तेवढंच. "तू खाली जाणार नाहीस. दीपक जाईल."

"येस सर." मग त्याला राहवलं नाही. "सर, दोर तरी धरू दे. दीपकचा दोर मीच धरतो नेहमी."

लेफ्टनंट त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "मी वर म्हटलं की वर. त्या क्षणी. जमेल?"

"जमेल, सर."

"तो भाऊ तुझा आहे. पण दोराला दीपक आहे. हे लक्षात ठेवता येणार नसेल तर आत्ता सांग."

"लक्षात ठेवीन, सर."

डोहाच्या काठाला सपाट कातळ होता. तिथून उतरायचं ठरलं. दुसरा एक डायव्हर पोशाख चढवून राखीव उभा राहिला. पोलिसांनी लोकांना मागे सारलं, तरी रखमा आणि रावजी दहाएक हातांवरच होते. गर्दीत सगळी ओळखीची माणसं. लग्नात ज्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले तीच. हात गळ्यात बांधलेला हैबती एका दगडावर खाली मान घालून बसला होता.

दीपकने वजनाचा पट्टा आवळला, पायातले पंख तपासले. हृतिकने त्याच्या कमरेची गाठ बांधली, ओढून पाहिली. दीपक हलक्या आवाजात म्हणाला, "नाम क्या है उसका?"

"अश्विन."

दीपकने मान डोलावली, तोंडात नळी धरली आणि पाण्यात उतरला.

मागून कुणीतरी बोललं, "जावई काय मंग नुसता दोरी धरून उबा?" दुसऱ्याने त्याला गप्प केलं. हृतिकला ऐकू आलं, पण त्याचं सगळं लक्ष बोटांत होतं. दोर हळूहळू सरकत होता. थांबला. डावीकडे गेला. पाण्यावर बुडबुडे उठत होते आणि ओढीबरोबर पुढे जाऊन फुटत होते. त्याने एक झटका दिला. खालून एक आला. ठीक आहे.

असं बराच वेळ चाललं. दीपक तळ चाचपत होता. दगड, लव्हाळ्याचे बुंधे, कुठून वाहत आलेलं कुंपण. एकदा दोर ताठ झाला आणि हृतिकने तो लगेच थोडा सैल सोडला. पण दीपकने तो कशातून तरी सोडवून घेतला आणि पुढे गेला. नंतर तो एकाच जागी थांबला. दोर जरा वर, जरा खाली, असा हलत राहिला. गाडी सापडली असावी.

आणि मग ते आले. लहान लहान, सलग झटके.

रखमा हृतिकच्या तोंडाकडेच बघत होती. "गावला!" ती ओरडली. "गावला का? जावयबापू, गावला ना?"

"सापडला, सर," हृतिक लेफ्टनंटना म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

गर्दीत एकदम गलबला झाला. बायका रडू लागल्या. त्या आवाजात तहसीलचा माणूस फोन हातात धरून उतारावरून धडपडत खाली आला. "पोलादपूरहून फोन आहे! वर महाबळेश्वरला सकाळपासून ओततंय. लोंढा निघालाय, पुलाखालून गेला पण!"

लेफ्टनंटनी नदीकडे पाहिलं. हृतिकनेही पाहिलं. तो याच नदीच्या वरच्या डोहांत पोहायला शिकला होता, कुणी सांगायची गरज नव्हती. पाण्याचा रंग बदलला होता. वरच्या वळणावर पालापाचोळ्याची आणि फेसाची दाट पट्टी आली होती.

"वर बोलाव," लेफ्टनंट म्हणाले.

"सर, त्याच्या हातात आलाय. एक मिनिट."

"वर."

हृतिकने श्वास घेतला. दोर दोन्ही हातांत धरला आणि ओढला. एक. दोन. तीन. चार.

खालून उत्तर आलं ते लहान झटक्यांचं. सापडलंय, इथेच आहे. दीपकला वाटलं असावं की वर कळलं नाही.

हृतिकने पुन्हा चार दिले. या वेळी उत्तरच आलं नाही. दोर हलेना. दीपक येत नव्हता. फेसाची पट्टी कॉजवेला येऊन धडकली आणि कॉजवे दिसेनासा झाला.

"नको!" मागून रखमा ओरडली. चार झटक्यांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, पण काय चाललंय ते तिला समजलं होतं. "नको वडू! त्याला आनू दे! अवो, त्याला आनू दे!"

हृतिकने दोराचा वेढा मनगटाला दिला आणि मागे झुकून सगळं वजन टाकलं. तिसऱ्यांदा चार. मग त्याने ओढायलाच सुरुवात केली. दोघेजण मदतीला आले. दोर कुठेतरी अडला होता, एकदम सुटला, आणि दीपक पाण्यावर आला. मुखवटा एका बाजूला सरकलेला, डावा हात रक्ताने भरलेला. गाडीतल्या पत्र्याने तळहात मनगटापर्यंत चिरला होता. त्यांनी त्याला कातळावर ओढलं, तिथून उचलून वर नेलं. ते वर पोचतात न पोचतात तोच पाणी कातळावरून गेलं. त्याबरोबर मुळासकट उपटलेलं एक झाड आलं, डोहावर आडवं फिरलं आणि कडकडत खाली दबलं गेलं.

दीपकने तोंडातली नळी काढून फेकली. तो धापा टाकत होता. "हाथ पकड़ा था मैंने उसका," तो म्हणाला. "बेल्ट में फँसा था. काट रहा था मैं. आधा कट गया था."

हे समजायला दुभाषी लागत नव्हता. रखमा पुढे आली. कुणी तिला अडवलं नाही.

"हात धरला होता त्यानं," ती हृतिकला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नि तुमी दोर वडलात."

"मामी, पाणी आलं होतं. दीपक पण..."

"माजा पोर हाताला लागला होता. तुमी तो हात सोडवलात."

अश्विन कालच गेला होता हे काठावरच्या सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत असणार. पण ते त्या वेळी कोण बोलणार? रावजीने तिच्या खांद्याला धरून तिला बाजूला नेलं. हृतिक तिथेच उभा राहिला. दोर मनगटाला करकचून बसला होता. तो लेफ्टनंटनी स्वतः सोडवला.

दुपारी अक्षदा आली. तिला वाटेतच सगळं समजलं होतं. ती आधी आईजवळ गेली आणि बऱ्याच वेळाने त्याच्याकडे आली. "तुम्हाला आणखी थोडं थांबता आलं नसतं का?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," हृतिक म्हणाला.

"मी आईला काय सांगू?"

"काही सांगू नको."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. राखीव डायव्हर खाली गेला. गाडी पुढे सरकून कपारीत उलटी पडली होती. दार उघडं होतं, पट्टा तुटलेला होता आणि आत कुणी नव्हतं. त्यांनी खालपर्यंतचे डोह चाचपले. महाडच्या खाली मगरी असतात म्हणून काठाकाठाने बोट फिरवली. अखेर दासगावच्या पलीकडे खाडीत मासेमारी करणाऱ्यांना तो दिसला.

लेफ्टनंटनी हृतिकला बोलावलं. "आता तू जा," ते म्हणाले. "आणायला तूच जा."

हृतिकने बोटीतून वाकून अश्विनला वर घेतलं. याआधी त्याने अनोळखी माणसं वर काढली होती. त्या वेळी शिकवल्याप्रमाणे तो फक्त काम बघायचा. काखेत हात घालायचा, मान सांभाळायची, चादर पसरायची. या वेळीही त्याने तेच केलं, त्याच क्रमाने. मग चादरीच्या बाहेर राहिलेला एक पाय आत सारला आणि खाडीकडे तोंड करून बसून राहिला. हाताला टाके घातलेला दीपक शेजारी होता.

अंगणातून अश्विनला उचलायची वेळ आली तेव्हा हृतिक खांदा द्यायला पुढे झाला. ओटीवर बसलेली रखमा उठून उभी राहिली.

"त्यांना हात लावू देऊ नका," ती म्हणाली.

सगळे थांबले. रावजीने खाली बघितलं. "हृतिक, तू मागनं चल," तो हळूच म्हणाला. हृतिक मागे झाला. गणवेशातच, सगळ्यांच्या शेवटी, तो स्मशानापर्यंत चालत गेला. त्याच संध्याकाळी पथकाला परत बोलावलं होतं. हैबतीच्या घरापुढे ट्रक उभा होता. हृतिक अक्षदाचा निरोप घ्यायला गेला, पण बायकांच्या गर्दीत ती बाहेर येऊ शकली नाही. तो ट्रकमध्ये चढला.

गोदीत काम थांबलेलं नव्हतं. एका जहाजाला बंदर सोडायचं होतं आणि त्याच्या तळाची पाहणी बाकी होती. हृतिक पहिल्या दिवसापासून पाण्यात होता. खाली त्याला बरं वाटायचं, तिथे कुणी काही विचारत नसे. त्रास व्हायचा तो वर असताना, दुसऱ्या कुणाचा दोर हातात आला की. तो गरजेपेक्षा जास्त वेळा झटका देऊन विचारायचा, ठीक आहेस ना? पोरं वर आल्यावर कुरकुर करायची. लेफ्टनंटनी ते पाहिलं, पण त्याला दोरावरून काढलं नाही.

अक्षदा माहेरीच होती. फोनवर ती थोडंच बोलायची. बाबा जेवतात, आई जेवत नाही. सुतक असल्याने या वर्षी घरात गणपती आणला नाही. एकदा ती म्हणाली, "तुमचं नाव निघालं की आई उठून आत जाते."

दीपकने हे ऐकलं. त्याची जखम भरत आली होती, पण दोन बोटं अजून मिटत नव्हती. तो म्हणाला, "मुझे ले चल वहाँ."

"कशाला?"

"हाथ मैंने छोड़ा था. तूने नहीं."

हृतिक नको म्हणत राहिला. शेवटी दीपकनेच दोघांची सुट्टी मागितली.

अश्विनचं दिवसकार्य होऊन गेलं होतं. पोलादपूरला एसटीतून उतरून दोघं सासरच्या वाडीची चढण चढले तेव्हा ऊन पडलं होतं, भाताला नुकत्या लोंब्या धरू लागल्या होत्या. पडवीवर जुनेच पत्रे होते, फुटके, वर निळं प्लास्टिक टाकलेलं. रावजीने दोघांना पाणी दिलं. अक्षदा दारात येऊन उभी राहिली. रखमा ओटीवर तांदूळ निवडत होती. हृतिकला बघून ती उठणार, तेवढ्यात दीपक तिच्यासमोर खाली जमिनीवर जाऊन बसला.

"माँ," तो म्हणाला. "मी दीपक. नदीत मी होतो."

चार वर्षांत मुंबईत ऐकून त्याने तेवढी मराठी जमवली होती. रखमा उठायची थांबली.

"आपके बेटे का हाथ मेरे हाथ में था," दीपक सांगू लागला. कुठे मराठी, कुठे हिंदी, आणि नडलं की हृतिककडे न बघता अक्षदाकडे बघायचा, मग ती सांगायची. "त्याच्या मनगटाला दोरा बांधलेला होता. मला दिसत नव्हतं, पण बोटांना कळलं. मी पट्टा कापत होतो. वरून इशारा आला, वर ये. मी नाही ऐकलं. दुसऱ्यांदा आला. तरी नाही ऐकलं. मला वाटलं, आधा कट गया है, आता घेऊनच जातो. मग दोर असा ओढला की..." त्याने हात उघडून दाखवला. तळहातावरून मनगटापर्यंत लाल, जाड व्रण. "मैंने छोड़ा. हात मी सोडला. त्याने नाही सोडवला."

रखमाने तो व्रण पाहिला. सुपातले तांदूळ तिने बाजूला सारले. तिने विचारलं, "लई गारठला होता का पाण्यात?"

अक्षदाला ते हिंदीत सांगता आलं नाही. पण दीपकला समजलं होतं. "नदी थंड होती," तो म्हणाला. "त्याला काही कळत नव्हतं, माँ. तो शांत होता. झोपल्यासारखा."

रखमाने पदर तोंडाला लावला. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि कुणीच त्यांना हाकललं नाही. मग पहिल्यांदाच ती हृतिककडे वळली.

"तुमी काय म्हनून उबे होतात तिथं? दोर हातात घेऊन? काय वाटत होतं तुमाला?"

हृतिकला काठावर जे बोलता आलं नव्हतं तेही आता आठवेना. "वाटत होतं, दोर टाकावा नि आपणच उडी मारावी," तो म्हणाला. "तुम्ही ओरडत होतात तेव्हा तर... मामी, दोन वेळा तसं मनात आलं. पण दोराला हा होता. हा माझ्या भरवशावर खाली गेला होता. आमच्यात असंच असतं. वरच्याने सोडलं की खालच्याला कोणी नाही."

"नि अश्विनला कोण होतं?"

हृतिकचे डोळे भरून आले. सासूसमोर, बायकोसमोर, तसाच उभा राहून तो रडला. नदीवर नाही, बोटीत नाही, स्मशानातही नाही, तो आत्ता रडत होता. रावजी उठला आणि त्याने जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

रखमा आत गेली. सगळ्यांना वाटलं, आता ती बाहेर येणार नाही. पण थोड्या वेळाने आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. अक्षदा धावत आत गेली, तर आईने तिला बाजूला सारलं. स्वतःच तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वालाचं बिरडं वाढलं आणि दोन ताटं बाहेर आणली. एक दीपकपुढे ठेवलं, एक हृतिकपुढे. हृतिकशी ती काही बोलली नाही. फक्त त्याची भाकरी संपत आली तेव्हा न विचारता दुसरी टाकली.

दीपकला डाव्या हाताने पेला नीट धरता येत नव्हता. ती बघत होती. "तुजी आय कुटं असते रं?" तिने विचारलं.

"गाँव में. ओडिशा."

"हाताचं सांगितलंस तिला?"

दीपक ओशाळला. "नाही. घाबरेल."

"फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ताच लाव."

वाडीत रेंज फक्त अंगणाच्या टोकाला, फणसापाशी मिळायची. दीपक तिथे गेला, आईशी त्याच्या भाषेत काही बोलला. मागोमाग आलेल्या रखमाने हात पुढे केला, तेव्हा गोंधळून त्याने फोन तिच्या हातात दिला. रखमाने तो दोन्ही हातांनी कानाला धरला.

"मी रखमा बोलतेय गो," ती मोठ्याने म्हणाली. "पोलादपूरची. तुजा पोर हितं हाय माज्याकडं. जेवला. दोन भाकऱ्या खाल्ल्यान त्यानं."

पलीकडून एक बाई काहीतरी भराभर बोलली. रखमाला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. ती मान डोलावत ऐकत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "व्हय गो बाय. हात लागलाय त्याला जरा, पन बरा होईल. माजाबी होता एक. तुज्या पोरानं त्याचा हात धरलान."

मग पलीकडची बाई पुन्हा बोलू लागली, आता सावकाश, आणि रखमा फणसाला टेकून ऐकत राहिली. अक्षदा, हृतिक, दीपक, रावजी, सगळे अंगणात उभे होते. दोघींचं बोलणं बराच वेळ चाललं, एकीचं मराठीत, दुसरीचं ओडियात, आणि कुणालाच ते मधे तोडावंसं वाटलं नाही.